व्हरांड्यातलं मीठ

आमच्या घरमालकांच्या घरात मीठ व्हरांड्यात राहायचं. स्वयंपाकघरात नाही, मधल्या खोलीतही नाही, थेट बाहेर, चपलांच्या मांडणीवरच्या फळीवर, घट्ट झाकणाच्या चिनीमातीच्या बरणीत. भाजीला मीठ घालायचं झालं की काकू चमचा घेऊन बाहेर यायच्या, बेतानं मीठ घ्यायच्या आणि आत जायच्या. वरणाला पुन्हा एकदा, पोह्यांना पुन्हा एकदा. मुखेडच्या ज्युनिअर कॉलेजात मराठी शिकवायला म्हणून मी आले आणि त्यांच्या पुढच्या दोन खोल्या भाड्यानं घेतल्या, तेव्हा मला वाटलं, ह्या घरात काही नवस-बिवस असणार. मी मुळातच घाबरट. नवसाच्या वस्तूला आपला धक्का लागला तर काय घ्या, म्हणून मी पहिले काही दिवस चपला हातात घेऊनच खोलीत शिरत होते.

दुसरी गोष्ट त्याहून चमत्कारिक होती. रोज सकाळी भिंतीपलीकडून काकूंचा आवाज यायचा, "निळू कसा हाय आज?" आणि घरमालक, म्हणजे सर, म्हणायचे, "रात्र बरी गेली. पण कडंला हिरवं वाटून राहिलं."  निळू हा त्यांचा नातू असावा, तो अंथरुणाला खिळलेला असावा आणि त्याला काहीतरी हिरवं होत असावं, अशी मी मनाची समजूत करून घेतली. समजूत झाल्यावर मला झोप येईना. आजार लागट असला तर? मी पाणी उकळून प्यायला लागले. शेवटी एकदा धीर करून काकूंना विचारलं, "बाळाला नांदेडच्या डॉक्टरांना दाखवलंत का?" काकू इतक्या हसल्या की त्यांना तिथंच पायरीवर बसावं लागलं. मग डोळे पुसत त्या म्हणाल्या, "अगं पोरी, निळू म्हंजे नाणं हाय."

सर माझ्याच कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचे. निवृत्तीला आलेले, उंच, खांद्यात वाकलेले, शर्टाच्या खिशात पेनाऐवजी भिंग. चालताना दोन्ही हात पाठीमागे बांधलेले. पोरांना वाटायचं, सर विचारात आहेत. खरं कारण वेगळं होतं. कुणी हात मिळवायला पुढं येऊ नये म्हणून ते हात मागे ठेवत. माणसाच्या तळव्याला घाम असतो आणि घामात मीठ असतं. स्टाफरूममध्ये कुणी चिवडा आणला की सर खिडकीपाशी जाऊन उभे राहत. माझी त्यांची पहिली ओळख झाली तेव्हा सगळ्यांनी गाव विचारलं, शिक्षण विचारलं. सरांनी चष्म्यावरून बघत विचारलं, "मीठ खाल्लंय का आता?"

घरी काकूंना लोणचं घालायची बंदी होती. पापड-कुरडयांचं तर नावच नको. काकू दर उन्हाळ्यात सगळं सामान उचलून शेजारणीकडे जायच्या आणि तिथं वर्षाचं करून ठेवायच्या. "माझं लोणचं वनवासात हाय," असं त्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या, पण त्यात तक्रारीपेक्षा कौतुकच जास्त असायचं. निळू हे नाव ठेवलेलं त्यांनीच. सर नुसतं 'निळा' म्हणायचे.

नाणं घरात आलं ती हकीकत मी काकूंच्या तोंडून इतक्यांदा ऐकली की आता ती मी पाहिल्यासारखीच वाटते. जवळच्या एका खेड्यातली शेवंताबाई भाजीची पाटी आणि ताकाची किटली घेऊन सरांकडे यायची. तिच्या वावराला लागून पांढरीचं टेकाड होतं. कधीकाळी तिथं जुनं गाव वसलेलं असणार. आता नुसती राखाडी माती आणि खापरांचे तुकडे. त्या कडेला खुरपताना तिला हे नाणं सापडलं. नेमका त्याच आठवड्यात तिच्या नवऱ्याला ताप भरला आणि सासू म्हणाली, जमिनीतलं धन लागलं. शेवंताबाईनं देवाची भांडी घासतात तसं ते चिंच आणि राख लावून घासायला घेतलं. एक कड लख्ख झाली आणि तिला एकाएकी भीती वाटली. तसंच अर्धवट घासलेलं नाणं पदरात बांधून ती सरांकडे आली आणि म्हणाली, "सर, घरात नको वाटून राहिलं हे. तुम्ही शिकलेले, तुमच्याजवळ ठिवा."

सरांनी ते हातात घेतलं, कड बघितली आणि एवढ्यानं ओरडले की शेजारपाजारचे धावत आले. "चिंच? चिंच लावली?" त्या घासलेल्या कडेला सर कायम 'जखम' म्हणायचे. आणि नाण्याला कधीही 'माझं' म्हणाले नाहीत. शेवंताबाई आली की तिला आत बोलवायचे, दुरूनच दाखवायचे आणि सांगायचे, "तुझी अमानत हाय बरंका. मी नुसता राखणदार." शेवंताबाई लांबूनच हात जोडायची आणि ताकाची किटली रिकामी करून निघायची.

मला पहिल्यांदा दाखवलं तो प्रसंग नीट आठवतो, कारण त्याआधी मला दोनदा हात धुवायला लावून, तळवे पंख्याखाली वाळवायला लावले होते. एका डब्यात कच्चे तांदूळ, तांदळात पांढऱ्या सुती कापडाची पुडी, पुडीत नाणं. आठ आण्याएवढं असेल. पण निळं! तो निळा शाईचा नाही, मोरपिसाचाही नाही, दाट, कोरडा, आतून आल्यासारखा निळा. त्यावर एका बाजूला पुरुषाचा चेहरा, एका अंगानं दिसणारा, डोक्यावर पानांचा मुकुट, नाक झिजलेलं. भोवती परकी अक्षरं आणि त्यांच्या खाचांत चुनखडीचे बारीक पांढरे कण अडकलेले. आमच्या इतिहासाच्या सरांनी ते रोमन म्हणून ओळखलं होतं.

"रोमचा राजा मुखेड तालुक्यात काय करून राहिला होता सर?" मी विचारलं.

"व्यापार," सर म्हणाले. "इकडं तेर गावापर्यंत यायचा त्यांचा माल. तिकडून दारूचे रांजण, इकडून कापूस. कुणाच्या तरी कमरेच्या पिशवीतून वाटंत पडलं असंल. त्यानंही फिकीर केली असंल बिचाऱ्यानं, कुठं पडलं म्हणून."

निळा कसा येतो हे सांगताना त्यांचा आवाज हळू व्हायचा. "तांबं हवेत काळं पडतं, ओलीत हिरवं पडतं. निळं पडायला नशीब लागतं मॅडम. मातीत चुनखडी पाहिजे, ओल बेताची पाहिजे आणि इतक्या वर्षांत कुणी हात लावायला नको." पण हा निळा टिकाऊ नव्हता, हीच त्यांची खरी फिकीर होती. दमट हवेत तो हळूहळू हिरवा होतो. आणि मिठाचा अंश लागला तर त्याहून वाईट. फिकट हिरवी पूड सुटते आणि ती पूड नाण्याला आतून खात जाते. "जमिनीत होतं तोवर सुखी होतं," सर म्हणायचे. "आपल्या हाती आलं आणि त्याचे हाल सुरू झाले."

त्या दिवसापासून सकाळच्या तपासणीत माझाही नंबर लागला. "मॅडम, तुमचे डोळे तरणे हायत. हा ठिपका काल होता का?" मी भिंगातून बघायची आणि मला ठिपका नेहमीच कालच्यापेक्षा मोठा दिसायचा. मी तसं म्हटलं की सरांचा चेहरा पडायचा, त्यांचा चेहरा पडलेला पाहून मला तो ठिपका आणखीनच मोठा दिसायचा. काकू म्हणायच्या, "एक होता ते पुरं नव्हतं, देवानं दुसरी पाठवली." पावसाळ्याचे चार महिने आम्ही दोघं असे काढायचो, जसा काही घरात खरोखरच कुणी आजारी आहे.

एकदा मी सुचवलं की प्रयोगशाळेत ओल शोषणारे ते निळे खडे असतात, त्यांच्या बरणीत का ठेवत नाही? सर माझ्याकडे असे बघायला लागले की मी खुर्ची मागं ओढली. "त्या खड्यांना निळा रंग कशाचा असतो, माहीत हाय? कोबाल्ट क्लोराईड. क्लोराईड, मॅडम! मिठाचा सख्खा भाऊ!" म्हणून तांदूळ. तांदळात मीठ नाही, घाम नाही, काही लबाडी नाही, असं त्यांचं म्हणणं.

मला आणखी एक भीती होती. असली वस्तू सापडली तर ती सरकारजमा करावी लागते, एवढं मला माहीत होतं. मी आडून आडून विचारायची. "देणारच हाय," सर म्हणायचे. "शेवंताचं नाव लावून देणार. पण ह्या पावसाळ्यात नको. कचेरीत कपाटं भिंतीला लागून असतात, भिंतींना ओल असते. ठिपका थांबू द्या, मग देतो." ठिपका काही थांबत नव्हता आणि सरांचा पाय काही निघत नव्हता. "फिकीर करायची तर मन लावून करावी," हे त्यांचं आवडतं वाक्य. ते वाक्य मला तेव्हा गमतीचं वाटायचं.

पुढं जे झालं त्याची सुरुवात एरंडेलानं झाली.

काकूंनी वर्षाचे तांदूळ भरले आणि किडे होऊ नयेत म्हणून, घरोघरी लावतात तसं, त्यांना एरंडेलाचा हात फिरवला. त्यातलेच मूठभर नाण्याच्या डब्यात गेले. त्याच सुमारास पाणी शुद्ध करायचं मशीन दुरुस्त करायला एक जण आला होता. तो ओट्यापाशी काम करत होता आणि सर खिडकीत उभे राहून नाणं बघत होते. पुडी सुटली असावी. नाणं डब्यातून वर काढलं तेव्हा त्याला तांदळाचे तीन-चार दाणे चिकटलेले होते.

तो माणूस काम सोडून बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "सर, तांदूळ ओढून राहिलं का हे?"

सरांना मस्करीची लहर आली. "ओढंल न्हाईतर काय! दोन हजार वर्षांचं उपाशी हाय ते."

तो हसला नाही. त्यानं खिशातून मोबाईल काढून विचारलं, "एक फोटो काढू का?" सर म्हणाले, "काढा, पण लांबून. आणि श्वास रोखा."

मी कॉलेजातून आले तेव्हा काकूंनी हसत हसत हे सांगितलं आणि मी हातातली पर्सही खाली न ठेवता तशीच सरांकडे गेले. आमच्या भागात एक खूळ आहे. जुन्या तांब्याच्या एखाद्या नाण्यात म्हणे अशी काही शक्ती असते, की ते तांदळाचे दाणे ओढून घेतं. त्याला सगळे 'राईस पुलर' म्हणतात. परदेशात त्याला कोटींचा भाव असतो म्हणे. त्याच्या नादी लागून कितीतरी शहाणी माणसं बुडाली, पण खूळ जात नाही. सरांच्या कानावर हे कधी आलंच नव्हतं. मी सांगितलं तर ते म्हणाले, "तांबं तांदूळ कसं ओढंल? तांदळात लोखंड हाय का? आणि तांब्यात चुंबक हाय का? खामखा घाबरता तुम्ही." रसायनशास्त्राच्या माणसाला ह्यापलीकडे काही बोलायचं उरत नव्हतं.

चार दिवसांनी दारात पांढरी गाडी थांबली. नंबर तेलंगणाचा. उतरलेला माणूस मोठा अदबशीर, पांढरे कपडे, बोटात खड्याच्या अंगठ्या. बोलण्यात देगलूरपलीकडचा हेल. "सार, एकदा दर्शन द्या की," तो हात जोडून म्हणाला.

सरांनी नेहमीचं विचारलं, "हात दाखवा. मीठ खाल्लंय का?"

त्या माणसानं लगेच दोन्ही तळवे पुढं केले. "न्हाई सार. मला सांगितलं होतं, तुमच्याकडं नेम हाय. सकाळपासून अळणी धरून आलाव."

सर हरखून गेले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी आपणहून मिठाचं पथ्य पाळून आलं होतं. मी दारातून खुणा करत होते, काकूंनी दोनदा भांडं वाजवलं, पण सरांचं लक्षच नाही. त्यांनी त्याला बसवलं, डबा आणला, भिंग दिलं. "निळा बघा. ह्या निळ्यातच सगळं हाय. निळा हाय तोवर ह्यात जीव हाय. निळा गेला की तांब्याचा तुकडा." तो मान डोलवत होता. मग त्यानं विचारलं, कुठं सापडलं सार? आणि सरांनी, ज्यांना आयुष्यात आडपडदा म्हणून ठेवता आला नाही, त्यांनी गावाचं नाव सांगितलं, शेवंताबाईचं नाव सांगितलं, पांढर कुठल्या अंगाला आहे तेही सांगितलं. गाडी गेल्यावर ते मला म्हणाले, "बघा मॅडम, असाही एखादा जाणकार भेटतो."

मी त्या आठवड्यात रोज गाडीचा आवाज आला की खिडकीशी जायची. गाडी आमच्याकडे आली नाही. ती शेवंताबाईच्या गावाला गेली.

शेवंताबाई आली ती पाटीही न घेता, रिकाम्या हातांनी. येऊन पायरीवर बसली. काकूंनी पाणी दिलं. "सर, ते लोक वावरात येऊन बसायलेत," ती म्हणाली. "पांढर हुंगून राहिलेत. अजून हाय म्हणत्यात, दाखव म्हणत्यात. त्येचं काय न्हाई, मी वावर सोडून देईन. पण काल गावात इचारत होते, शेवंताच्या घरात कुणी पायाळू हाय का."

काकूंच्या हातातला तांब्या खाली आला. पायाळू म्हणजे जन्मताना पाय आधी बाहेर आलेलं माणूस. अशा माणसाला जमिनीतलं धन दिसतं, अशी एक जुनी समजूत आहे. आणि धन काढणारे त्या माणसाचं काय काय करतात, ह्याच्या गोष्टी आमच्याकडे प्रत्येकानं लहानपणी ऐकलेल्या असतात. शेवंताबाईची रेणुका पायाळू होती. अख्ख्या गावाला ठाऊक होतं.

रेणुका आमच्याच कॉलेजात अकरावी सायन्सला होती. माझ्या तासाला खिडकीतून बाहेर बघायची आणि सरांच्या तासाला पहिल्या बाकावर बसून शंका विचारायची. "तिला आता धाडत न्हाई कॉलेजात," शेवंताबाई म्हणाली. "वाटंत कुणी गाडीत घातली तर मी कुणाकडं बघू? जळकोटला तिच्या मामाकडं नेऊन घालते. मामा म्हणतो, स्थळ बघू आन उरकून टाकू. सर, मी तुमच्याजवळ ठिवलं ते आमच्या घरावरली बला जावी म्हणून ठिवलं होतं."

सर तिथंच जमिनीवर बसले. हात मागे बांधायचे ते विसरले. दोन्ही तळवे फरशीवर टेकलेले होते.

आम्ही पोलीस ठाण्यात गेलो. जमादारांनी सगळं नीट ऐकून घेतलं, गाडी दिसली की फोन करा म्हणाले, गावात चक्करही मारून आले. पण निघताना ते जे म्हणाले ते खोटं नव्हतं. "सर, माणसाला बेडी घालता येते. अफवेला कुठं घालू?" नाणं लगेच सरकारजमा केलं तर? "तर म्हणतील खरं दडवून ठेवलं आन दुसरंच दिलं," जमादार म्हणाले. सरांनी चहाच्या टपरीवर उभं राहून लोकांना एरंडेलाचं सांगितलं. लोक ऐकत होते आणि एकमेकांना डोळे घालत होते. एक जण तर म्हणाला, "असू द्या की सर. निळा हाय ना अजून?" सरांचंच वाक्य गावभर फिरून त्यांच्याकडे परत आलं होतं.

त्या दिवसांत मी सरांना वर्गात पाहिलं. हजेरी घेताना रेणुकाच्या नावाशी ते थांबायचे आणि पहिल्या बाकाकडे बघायचे. घरी सकाळची तपासणी बंद झाली. काकू विचारायच्या नाहीत, निळू कसा हाय. ते मला फार लागायचं. एवढी वर्षं ज्या आवाजानं माझी झोपमोड झाली, तोच आता यावा म्हणून मी भिंतीशी कान लावून बसायची.

बाजाराच्या आदल्या संध्याकाळी सरांनी आतून विचारलं, "चिंच हाय का घरात?"

 चिंचेच्या डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज आला.

आठवडी बाजारात शेवंताबाई तिच्या नेहमीच्या जागी, खताच्या पोत्यांच्या अंथरलेल्या पल्ल्यावर मेथी-कोथिंबीर मांडून बसली होती. रेणुका नव्हती. सर डबा, भिजवलेल्या चिंचेची वाटी आणि राखेची पुडी घेऊन तिच्यासमोर उकिडवे बसले. काकू आणि मी मागे. सरांना तशा अवतारात पाहून माणसं जमायला वेळ लागला नाही. मशीनवाला होता. आणि टपरीच्या आडोशाला तो पांढऱ्या कपड्यांतला माणूसही होता. त्याला बघून मी काकूंच्या मागे सरकले. पोलिसांना फोन लावावा तर मी नंबरच चुकत राहिले. शेवटी काकूंनी माझ्या हातातून मोबाईल घेऊन फोन लावला.

"शेवंता," सर म्हणाले, "अमानत तुझी हाय. तुला इचारल्याबिगर मी हात लावत न्हाई. घासू का?"

"मी तर पहिल्या दिवशीच घासत होते की," ती म्हणाली.

सरांनी आधी कोरडे तांदूळ पसरून त्यावर नाणं ठेवलं आणि उचललं. एक दाणा उठला नाही. "बघा, ओढत न्हाई," ते म्हणाले. गर्दीतून कुणीतरी म्हणालं, आज अमावस्या न्हाई म्हणून. लोक हसले. टपरीपासून तो माणूस पुढं आला. "सार, निळ्यात पावर हाय, तुम्हीच तर सांगितलाव."

"हाव," सर म्हणाले. "मीच सांगितलं."

त्यांनी चिंचेचा गोळा बोटांत घेतला. पण तो त्यांच्यानं नाण्यावर टेकवेना. दोनदा टेकवायला गेले, दोनदा मागे घेतला. मग शेवंताबाईनं पाटी बाजूला सारली, त्यांच्या हातातून नाणं घेतलं, चिंच घेतली आणि देवघरातलं ताम्हण घासावं तसं ती अंगठ्यानं घासायला लागली. चिंच, राख, पुन्हा चिंच. पाणी निळसर व्हायला लागलं. ते तिच्या बोटांमधून गळत होतं, पल्ल्यावर, कोथिंबिरीच्या जुड्यांखाली. सर एकटक त्या पाण्याकडे बघत होते. नाण्याकडे त्यांनी बघितलंच नाही. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, बाई, थांब, एवढं पुरे. पण मला रेणुकाचा रिकामा बाकही दिसत होता. 

तिनं नाणं पाण्यात बुडवून पदरानं पुसलं आणि सरांच्या तळव्यावर ठेवलं. लालसर, टवके उडालेली एक चकती. चेहरा नव्हता. मुकुट नव्हता. अक्षरंही नव्हती. आम्ही ज्याला राजा म्हणत होतो तो सगळा त्या निळ्यातच होता, खाली तांब्यात त्याचं काही उरलेलं नव्हतं.

सरांनी ते त्या माणसापुढं धरलं. "घ्या, दर्शन घ्या. आता मीठ खाल्लं तरी चालंल."

त्यानं ते उलटंपालटं केलं, तांदळावर टेकवलं, उचललं, नखानं खरवडलं. मग ते मेथीच्या जुडीवर टाकलं. "हे तर तांबं हाय," तो म्हणाला, कुणी फसवल्यासारखा. जमादार येईपर्यंत तो गेला होता आणि गर्दीही. मशीनवाल्यानं जाता जाता दोन जुड्या कोथिंबीर घेतली. शेवंताबाईनं त्या मोजून दिल्या आणि मग पदर तोंडाला लावून रडायला लागली. काकू तिच्याजवळ बसल्या. सर म्हणाले, "रेणुकाला उद्या पाठव. कार्बोनेटचा पाठ राहिलाय तिचा."

त्या दिवशी सर हात न धुता जेवायला बसले. बोटांच्या कडांना फिकट निळा रंग होता. काकूंनी ताट वाढलं. मी त्या दिवशी त्यांच्याकडेच जेवायला होते. सरांनी एक घास खाल्ला आणि म्हणाले, "मीठ कमी हाय." काकू चमचा घेऊन उठल्या तसे ते म्हणाले, "चमचा कशाला? बरणीच आण आत. आता तिथं कशाला पाहिजे?" काकू व्हरांड्यात गेल्या. बराच वेळ आल्या नाहीत. आल्या तेव्हा बरणी छातीशी धरलेली होती आणि डोळे लाल होते. त्यांनी ती ओट्यावर ठेवली. इतक्या वर्षांत त्या ओट्यावर मिठाला जागाच नव्हती, त्यामुळे ती कुठं ठेवावी हे त्यांना कळत नव्हतं. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

रेणुका दुसऱ्या दिवशी आली. पहिले काही दिवस शेवंताबाई फाटकापर्यंत सोडायला यायची, मग तेही थांबलं. गाडी पुन्हा दिसली नाही. आता माझी बदली नांदेडला झाली आहे आणि रेणुकाही नांदेडलाच शिकते, रसायनशास्त्रच. रविवारी कधीतरी माझ्याकडे येते. मी तिला घरी पोचल्यावर फोन कर म्हणून सांगते आणि फोन यायला जरा उशीर झाला तर खोलीत येरझाऱ्या घालते. ती हसते मला. नाणं सरांनी शेवंताबाईला बरोबर नेऊन तिच्या नावानं कचेरीत जमा केलं.

पण जमा करण्याआधी ते काही दिवस घरातच होतं. त्या दिवसांतल्या एका सकाळी मी कॉलेजला निघाले आणि चपला घालायला वाकले, तर मांडणीच्या फळीवर मिठाची बरणी परत आपल्या जागी. मला वाटलं, काकूंनी सवयीनं ठेवली असेल. आत डोकावले. सर खिडकीत उभे होते, भिंग डोळ्याला लावून. डब्यात नवे तांदूळ होते, एरंडेल न लावलेले. त्या लाल चकतीत बघण्यासारखं काय उरलं होतं कोण जाणे.

"सर, आता कशाला?" मी विचारलं.

त्यांनी भिंग खाली केलं नाही. "आता तर जास्त जपायला पाहिजे, मॅडम," ते म्हणाले. "अंगावर काहीच राहिलं न्हाई त्याच्या."